भावाचा न्याय

पुण्यात लक्ष्मी रोडच्या दुकानांतून ‘एकच भाव’ अशा पाट्या लावण्याची जुनी रीत आहे. तिथून दोन-तीन किलोमीटरवर, कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर, विक्रेत्याने सांगितलेला पहिला आकडा म्हणजे बोलण्याची नुसती सुरुवात. आणि १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेल्या महात्मा फुले मंडईत सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. एकाच शहरात भावाच्या या तीन रीती शेजारी शेजारी नांदतात आणि कोणाची तक्रार नसते. रात्री कोथिंबिरीची जुडी स्वस्त का, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ती सकाळपर्यंत टिकणार नाही, एवढे कारण पुरे असते.

पण आपल्या घरांत आता अशी एक वस्तू आली आहे जी सुकत नाही, कुजत नाही, जिची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि तरीही जिचा भाव दुकानागणिक, यंत्रागणिक आणि देशागणिक बदलतो. ती वस्तू म्हणजे व्हिडिओ गेम. एखाद्या वार्षिकासाठी हा विषय हलका आहे असे काही वाचकांना वाटेल. पण पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरात जेव्हा विचारते की हाच गेम काँप्युटरवर स्वस्त आणि प्लेस्टेशनवर महाग का, दुबईच्या मामूंना जे यंत्र कमी पैशांत मिळते ते इथे जास्त पैशांत का, तेव्हा प्रश्न खेळाचा राहत नाही. बाजारात न्याय असतो की नसतो, हे त्या मुलाला कळून घ्यायचे असते. ‘खेळ सोड, अभ्यास कर’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. आपण मोठ्यांनी तरी हा हिशेब नीट मांडून पाहिला पाहिजे.

आधी यंत्राचा हिशेब. सोनीचे प्लेस्टेशन ५ अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला विक्रीस आले. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले. त्या वेळी डॉलर साधारण ७३ रुपयांना होता, म्हणजे अमेरिकेतली किंमत ३६,४०० रुपयांच्या आसपास होते. साडेतेरा हजारांचा फरक पाहिला की कोणीही म्हणेल, ही लूट आहे. पण अमेरिकेत दुकानावर लिहिलेली किंमत कराशिवायची असते, तिथला राज्याचा विक्रीकर पैसे देताना वर लागतो. आपल्याकडची छापील किंमत सगळ्या करांसह असते. शिवाय २०१८ च्या अर्थसंकल्पात अशा यंत्रांवरचे आयात शुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झाले होते. त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. शंभर रुपयांचा माल बंदरातून बाहेर पडेपर्यंत १४४ रुपयांचा होतो. अमेरिकेतल्या पूर्ण किमतीवर हा कर लावला असता तर यंत्र ५२ हजारांच्या वर गेले असते. म्हणजे ज्या साडेतेरा हजारांबद्दल आपण कंपनीला दोष देणार होतो, ते मुख्यतः आपल्याच सरकारच्या तिजोरीत गेले.

आता गेमचा हिशेब. प्लेस्टेशन ५ बरोबर आलेल्या मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत ७० डॉलर होती, म्हणजे त्या वेळचे सुमारे ५,१०० रुपये. भारतात त्याच गेमवर ४,९९९ रुपये छापलेले होते, करासह. कर वजा केला तर ४,२०० च्या आसपास. म्हणजे यंत्र इथे महाग, पण गेम इथे थोडा स्वस्तच. हे ऐकून मुलाचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. अमेरिकेत केंद्र सरकारच्या किमान वेतनावर, तासाला सव्वासात डॉलरवर, राबणारा माणूससुद्धा दहा तासांत ७० डॉलर मिळवतो. पुण्यात महिना वीस हजार कमावणाऱ्याच्या घरी ४,९९९ रुपये म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. आकडा सारखा ठेवला म्हणजे भाव सारखा झाला असे होत नाही. भाव वस्तूवर छापलेला असतो, पण त्याचे वजन घेणाऱ्याच्या खिशात कळते.

मग यंत्रायंत्रांत फरक का? कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या बहुधा यंत्रावर फारसा नफा ठेवत नाहीत, कधी सुरुवातीला तोटाही सोसतात. प्लेस्टेशन ३ च्या वेळी असेच झाले होते. तो पैसा पुढे प्रत्येक गेममागे वसूल होतो. दुसऱ्या कंपनीचा गेम त्या यंत्रावर चालवायचा तर यंत्रवाल्याला हिस्सा द्यावा लागतो. डाउनलोडच्या दुकानात हा हिस्सा साधारण ३० टक्के राहत आला आहे. काँप्युटरची गोष्ट निराळी. तो कोणा एकाच्या मालकीचा बाजार नाही, तिथे दुकाने अनेक आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक कंपनीने केवळ १२ टक्के हिस्सा घेणारे दुकान काढले. स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानाने २०१५ मध्ये भारतासाठी रुपयांत भाव लावले. स्पर्धा जिथे असते तिथे भाव नरम राहतो, हे मंडईतल्या भाजीवालीला सांगावे लागत नाही.

दुकानदुकानांतल्या फरकाचे कारण तर आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. वैधमापन कायदा, २००९ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार बंद पाकिटावरच्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला मात्र मोकळीक आहे. कॅम्पातल्या दुकानदाराला भाडे आहे, नोकर आहेत, माल पडून राहण्याची भीती आहे. ऑनलाइन विकणारा सणासुदीला ग्राहक ओढण्यासाठी भाव पाडतो. म्हणून कधी दुकानातली जुनी डिस्क डाउनलोडपेक्षा स्वस्त मिळते, कारण डिस्कने फळी अडवलेली असते आणि डाउनलोडला फळीच नसते. इथे पुन्हा संध्याकाळच्या कोथिंबिरीचाच न्याय लागू होतो.

इतका हिशेब मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. भाव वेगवेगळे आहेत एवढ्यावरून अन्याय सिद्ध होत नाही. इस्लामी परंपराही हेच सांगते. मदिनेत एकदा महागाई झाली तेव्हा लोकांनी मुहम्मद पैगंबरांना (स.) भाव बांधून देण्याची विनंती केली. त्यांनी ती नाकारली. भावाची चढउतार अल्लाहच्या हाती आहे आणि कोणाच्या मालावर जुलूम केल्याचा आरोप घेऊन मला त्याच्यापुढे जायचे नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उर्वा या सहाबींची हकीकत ‘बुखारी’त आहे. पैगंबरांनी त्यांना एक बकरी आणायला एक दीनार दिला. त्यांनी त्या दीनारात दोन बकऱ्या घेतल्या, एक वाटेत एका दीनाराला विकली आणि बकरी व दीनार दोन्ही आणून समोर ठेवले. पैगंबरांनी त्यांच्या व्यापाराला बरकतीची दुआ दिली. एकच बकरी, घेताना अर्ध्या दीनाराची, विकताना पूर्ण दीनाराची. यात गैर काही मानले गेले नाही.

पण हीच परंपरा दुसऱ्या एका बाबतीत फार कडक आहे. बाहेरून माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला शहरात पोहोचण्याआधीच वाटेत गाठून त्याचा माल विकत घ्यायला पैगंबरांनी मनाई केली. का? कारण त्या माणसाला शहरातला भाव माहीत नसतो. आणि कोणी तसे केलेच, तर बाजारात पोहोचल्यावर त्या विक्रेत्याला सौदा मोडण्याचा अधिकार दिला. म्हणजे भाव बांधण्याऐवजी इथे माहिती आणि निवड यांचे रक्षण केले आहे. बाजारात आलेल्या माणसाचे डोळे उघडे असावेत आणि त्याची वाट मोकळी असावी. पुढे हनफी फकीहांनीही भरमसाट भावाच्या जोडीला फसवणूक असेल तर ग्राहकाला सौदा रद्द करता येतो असे मत मांडले. इब्ने तैमिया यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीस असे म्हटले की जिथे माल मोजक्याच लोकांच्या हाती अडकला आहे आणि घेणाऱ्याला दुसरा मार्ग नाही, तिथे सत्तेने रास्त भाव लावणे योग्यच आहे. मदिनेचा बाजार खुला होता म्हणून तिथे भाव बांधला गेला नाही. जो बाजार खुला नाही त्याला तो दाखला देता येत नाही.

या विषयावर इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये दिलेली एक हकीकत आपल्या प्रश्नाच्या अगदी मर्मावर बोट ठेवते. बसऱ्याचे कापडवाले यूनुस इब्ने उबैद यांच्या दुकानात दोन प्रकारचे पोशाख होते, काही चारशे दिरहमचे, काही दोनशेचे. ते नमाजला गेले असता त्यांच्या पुतण्याने एका बदवी गिऱ्हाइकाला दोनशेचा पोशाख चारशेला दिला. तो माणूस खुशीत निघाला. वाटेत यूनुस भेटले, त्यांनी पोशाख ओळखला आणि भाव विचारला. चारशे ऐकताच त्यांनी त्याला परत चलायला सांगितले. बदवी म्हणाला की आमच्या मुलखात याचे पाचशे होतात आणि मी राजी आहे. तरी यूनुस यांनी त्याला दुकानात आणून दोनशे दिरहम परत केले आणि पुतण्याला खडसावले. पुतण्या म्हणाला, त्याने राजीखुशीने घेतले. तेव्हा यूनुस यांनी विचारले, मग जे तुला स्वतःसाठी आवडले असते ते त्याच्यासाठी तुला का आवडले नाही?

या हकीकतीत बदवीच्या मुलखात भाव पाचशे होता, म्हणजे देशादेशांत भाव वेगळे असतात हे दोघांनाही मान्य होते. राजीखुशीही होती. कायद्याने बोट ठेवावे असे काही नव्हते. गझाली म्हणूनच ही गोष्ट अदल म्हणजे न्यायाच्या प्रकरणात न सांगता एहसानच्या, म्हणजे न्यायाच्याही पलीकडच्या भलाईच्या प्रकरणात सांगतात. यूनुस यांना सलत होते ते एवढेच की विकणाऱ्याला जे ठाऊक होते ते घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. एकाच दुकानातला दोनशेचा आकडा त्याच्यापासून लपला होता.

ही कसोटी हातात घेऊन आजच्या बाजाराकडे पाहू. प्लेस्टेशन ५ दोन प्रकारांत आले होते. डिस्क घालता येते ते ४९,९९० रुपयांना आणि डिस्कची सोय नसलेले ३९,९९० रुपयांना. दहा हजार वाचतात म्हणून घरात दुसरे यंत्र यावे हे साहजिक आहे. पण डिस्कवाल्या मुलाला खेळून झालेला गेम मित्राला देता येतो, विकता येतो, अदलाबदल करता येते. पुण्यात जुन्या वस्तूंच्या व्यवहारावर किती घरे चालली आहेत हे जुना बाजार पाहिलेल्या माणसाला माहीत आहे. अप्पा बळवंत चौकात दरवर्षी जून महिन्यात वापरलेली पुस्तके अर्ध्या किमतीत घेऊन कितीतरी मुले शिकली. बिनडिस्कच्या यंत्रावर हा मार्ग बंद होतो. गेम एकाच दुकानातून, त्याच दुकानाच्या भावाने घ्यायचा आणि घेतल्यावर तो कोणाला द्यायचा नाही. म्हणजे ते दहा हजार रुपये ही सूट नव्हतीच. उठून दुसऱ्या दुकानात जाण्याच्या आपल्या हक्काची ती किंमत होती. हे पाकिटावर कोणी लिहीत नाही. यूनुस यांना सलली असती ती ही जागा.

पुस्तकांचाच आणखी एक दाखला आहे. परदेशी प्रकाशक आपल्या पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आशियाई आवृत्त्या काढतात आणि त्यावर ठरावीक देशांतच विक्रीसाठी असे छापतात. आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी ही पुस्तके वापरलेली आहेत. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या सुपाप किर्तसांग या विद्यार्थ्याने घरच्यांकडून अशी पुस्तके मागवून अमेरिकेत विकली. वायली या प्रकाशनसंस्थेने खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०१३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला. रीतसर विकत घेतलेली प्रत कुठेही छापलेली असो, ती पुढे विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे. युरोपात २०२१ साली स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी आणि पाच गेम प्रकाशक यांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड झाला, कारण काही देशांत स्वस्त विकलेले गेम इतर युरोपीय देशांत उघडू नयेत अशी कुलपे त्यांनी लावली होती. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला. दोन्ही ठिकाणी वेगळा भाव लावण्याला कोणी गुन्हा म्हटले नाही. स्वस्त भावापर्यंत जाणारी वाट विकणाऱ्याने किती अडवावी, हा वादाचा मुद्दा होता.

मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना विचारात पाडणारा प्रकार जपानमध्ये झाला. जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा स्विच २ आला. फक्त जपानी भाषेत चालणारे आणि जपानी खात्यापुरतेच असणारे यंत्र ४९,९८० येनला, आणि सर्व भाषांत चालणारे ६९,९८० येनला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोनीनेही केवळ जपानी भाषेचे प्लेस्टेशन स्वस्तात काढले. येन घसरलेला असताना घरच्या गिऱ्हाइकाला स्वस्त द्यावे आणि बाहेरच्यांनी माल उचलून नेऊ नये, यासाठी भाषेचीच भिंत उभी केली गेली. यात लपवाछपवी नाही, म्हणून याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण जपानमध्ये राबणाऱ्या, तिथे कर भरणाऱ्या आणि जपानी वाचता न येणाऱ्या परदेशी मजुराच्या मुलाला तेव्हा वीस हजार येन जास्त मोजावे लागले. भाषेवरून आपला-परका ठरवण्याचा अनुभव महाराष्ट्रातल्या मुसलमानाला नवा नाही. तुमची भाषा कोणती, हा प्रश्न आपल्याला अनेकदा मराठीतच विचारला गेला आहे. भाषेने दार उघडावे, दाराला कडी लावू नये, असे आपण म्हणत असू तर ते प्रत्येक भाषेबद्दल म्हटले पाहिजे.

इथपर्यंत विकणाऱ्याची झडती झाली. पण यूनुस यांची कसोटी दुधारी आहे. विकणाऱ्याने लपवू नये, तसे घेणाऱ्यानेही लपवू नये. आपल्या मुलांत एक युक्ती सर्रास चालते. काँप्युटरला खोटा पत्ता द्यायचा, मी तुर्कस्तानात किंवा अर्जेंटिनात राहतो असे भासवायचे आणि तिथल्या लोकांसाठी लावलेल्या कमी भावात गेम घ्यायचा. मोठ्या कंपनीचे काय नुकसान होते, असे त्यावर उत्तर असते. त्या दोन्ही देशांचे चलन कोसळत होते आणि गेमचे भाव तिथल्या लोकांच्या ऐपतीकडे बघून ठेवलेले होते. बाहेरच्यांची तिथे रांग लागली. २०२१ मध्ये स्टीमने देश वारंवार बदलण्यावर बंधन घातले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये चलनाच्या अस्थिरतेचे कारण देऊन दोन्ही देशांत स्थानिक चलनातले भावच बंद केले, डॉलरमध्ये भाव सुरू केले. अनेक गेम तिथल्या मुलांसाठी एका रात्रीत कितीतरी पटींनी महागले. बाहेरच्यांच्या खोट्या पत्त्यांमुळेच हे झाले असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण गरिबासाठी ठेवलेल्या ताटावर जाऊन बसणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जकात घेण्याचा हक्क नसताना ती मागणे आपण निषिद्ध मानतो. हा प्रकार त्याच जातीचा आहे.

दुबईहून मामूंनी यंत्र आणणे ही मात्र वेगळी गोष्ट. रत्नागिरी-रायगडची कितीतरी घरे आखाताशी बांधलेली आहेत. तिथे मूल्यवर्धित कर २०१८ पासून केवळ ५ टक्के आहे, म्हणून वस्तू स्वस्त पडते. प्रवाशाला किती रुपयांचा माल शुल्काशिवाय आणता येतो हे सरकारने ठरवून दिलेले आहे. त्या मर्यादेत राहून, विचारले तर खरे सांगून, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात वस्तू आणणे हा उर्वांचाच व्यापार आहे. खोट्या पत्त्यात आणि यात पैशाचा फरक कदाचित सारखाच असेल. खरेपणाचा फरक मात्र जमीन-अस्मानाचा आहे.

नकली सीडीबद्दलही एवढेच. २००० च्या दशकात पुण्याच्या पदपथांवर त्या ढिगाने मिळत. अस्सल गेम परवडत नसे हे खरे. आपल्या समाजातल्या कित्येक पोरांची रोजीरोटी त्यावर होती हेही खरे. पण १९८८ साली कुवेतमध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखक आणि संशोधक यांचे हक्क शरियतनेही संरक्षित आहेत असा ठराव केला आहे. भाव जास्त आहे ही तक्रार रास्त असू शकते. तिच्यातून दुसऱ्याच्या मेहनतीवर हक्क उत्पन्न होत नाही. न घेणे, थांबणे, जुना घेणे, चौघांत मिळून घेणे, एवढे मार्ग गरिबालाही मोकळे असतात. म्हणूनच ते मोकळे राहावेत यासाठी आपण बोलले पाहिजे.

आणि शेवटी आपली स्वतःची दुकाने. नाना पेठेत सुटे भाग विकणारे, भवानी पेठेत भंगार घेणारे, फॅशन स्ट्रीटवर कपडे मांडणारे अनेक जण आपलेच आहेत. चेहरा बघून भाव सांगायचा, नवखा दिसला की दुप्पट आणि जाणकार दिसला की निम्मा, ही रीत आपण हुशारी म्हणून मुलांना शिकवतो. मोबाइलवरच्या दुकानांना हे कसब आता यंत्राने जमू लागले आहे. कोण किती वेळ काय पाहतो ते टिपून कोणाला कोणती सवलत दाखवायची हे तिथे ठरते. उद्या तिथे आपला चेहरा वाचून आपल्याला जास्तीचा भाव लावला जाईल तेव्हा आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार? चारशेला विकून वर राजीखुशीची साक्ष काढणारा पुतण्या आपल्याच गल्ल्यावर बसलेला असेल, तर परदेशी कंपनीकडे यूनुस मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

घरात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला तेव्हा इतके सांगता येईल. बाळा, भाव वेगळा असणे म्हणजे फसवणूक नव्हे. त्यात कर असतो, भाडे असते, भाडोत्री गोदाम असते, लोकांची ऐपत असते. वेगळेपणाचे कारण तुला उघड सांगितले आहे का, आणि नको असेल तर तुला उठून दुसरीकडे जाता येते का, हे दोन प्रश्न दरवेळी विचार. दोन्हींचे उत्तर हो असेल तर घासाघीस कर, थांब, घे किंवा सोड, पण रागावू नकोस. उत्तर नाही असेल तर राग योग्य आहे. आणि हेच दोन प्रश्न तू जेव्हा कधी गल्ल्यावर बसशील तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकाच्या वतीने स्वतःला विचार.